इतिहासाचं प्रदर्शन घडतं कसं? संग्रहालयशास्त्राच्या वर्गासाठी

पुण्यात संग्रहालयशास्त्राच्या पदविका वर्गाला शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने विचारलं आहे: "नोंदवही, काचपेट्या, प्रकाशयोजना, जतन हे सगळं आमच्या मुलांना सुटंसुटं शिकवून झालंय. पण इतिहासाचं एखादं प्रदर्शन पहिल्या कल्पनेपासून उद्घाटनापर्यंत कसं घडतं, ते सलग कधी सांगितलेलं नाही. माझ्याकडे दोन दिवस आहेत. कुठून सुरुवात करू?"

मॅडम, सुरुवात विषय ठरवण्यापासून करा आणि पहिल्या दिवसाची अख्खी सकाळ त्यात गेली तरी जाऊ द्या. मी कित्येक वर्षं मांडणीचं काम करतो आहे. फसलेली प्रदर्शनं पाहिली की बहुतेक वेळा दिसतं की दिवे, काचा, छपाई यांत खोट नव्हती, विषयच ठरलेला नव्हता. मुलांना विषय सुचवायला सांगितलं की "मराठ्यांचा इतिहास", "पेशवेकालीन पुणे" अशी नावं येतील. अशा नावावरून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरत नाही. मग कोठारात जे जे आहे ते सगळं बाहेर येतं, तलवारींशेजारी तलवारी लागतात, आणि पाहणारा तिसऱ्या काचपेटीपासून नुसता चालू लागतो.

विषयाचा प्रश्न करायला सांगा. उदाहरणासाठी पुण्यातलाच एक प्रश्न देतो: पेशवाईतल्या पुण्याला पाणी कुठून यायचं आणि ते कुणाला मिळायचं?

पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मुलांना बरंचसं सापडेल. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजला तलाव झाला आणि तिथून बांधीव नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी आलं. पंप नाही की यंत्र नाही, सगळी करामत उताराची. जागोजागी उच्छ्वास (नळावर बांधलेली उभी तोंडं) ठेवलेले होते, म्हणजे नळातली हवा बाहेर पडावी आणि आत उतरून गाळ काढता यावा. पेठांमधल्या हौदांत हे पाणी पडायचं. नकाशा, नळाचा छेद दाखवणारं एक प्रतिमान, खापरी नळाचे तुकडे, तांब्याचे हंडे, पखाल, कावड, आणि खर्चाची नोंद असलेला एखादा मोडी कागद एवढ्यावर एक दालन सहज भरेल. दिसेलही सुंदर.

पण "कुणाला मिळायचं" या शब्दांपाशी मुलांना थांबवा. खरं काम इथे सुरू होतं. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. ही घटना सामाजिक सुधारणेच्या धड्यात सगळ्यांनी वाचलेली असते, पण कात्रजच्या नळाच्या दालनात आणून ठेवली की आधीच्या प्रत्येक वस्तूकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. तोवर शहराच्या वैभवाची खूण वाटणारे ते हौद सगळ्यांचे नव्हते, हे न सांगता कळतं. आणि १९२७ सालच्या महाडच्या चवदार तळ्यापर्यंतची वाट पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उघडते, आपल्याला तिथे वेगळी काचपेटी लावावी लागत नाही.

आता अडचण. ज्यांना पाणी मिळायचं त्यांचे हंडे, घंगाळी, चांदीचे तांबे संग्रहालयांत आहेत. ज्यांना मिळत नव्हतं त्यांची मडकी फुटली आणि मातीत गेली. त्यांना कुणी नोंदणी क्रमांक दिला नाही. कोठारात जे आहे त्यावरूनच इतिहास मांडायचा म्हटलं, तर ज्याच्याकडे टिकाऊ वस्तू होत्या त्याचाच इतिहास मांडला जातो. मुलांना माझ्या मते सगळ्यात आधी ही गोष्ट शिकवायला हवी. दिनकर केळकरांचं मोठेपण मला इथेच दिसतं. तलवारी आणि दागिने गोळा करणारे पुष्कळ होते. त्यांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, स्वयंपाकघरातली भांडी गावोगाव हिंडून जमवली. राजा दिनकर केळकर संग्रहालयामुळे घरातल्या बायकांच्या हातातल्या वस्तूंना दालन मिळालं. तरीही तिथे पोहोचल्या त्या मुख्यतः धातूच्या आणि लाकडाच्या, म्हणजे टिकलेल्या वस्तू.

वस्तू नसेल तेव्हा कागदाकडे जावं लागतं. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. त्यातला बहुतेक मजकूर हिशेबाचा. लढायांच्या शोधात गेलेला विद्यार्थी या हिशेबांना कंटाळतो. पण मजुरी, बिगार, दुरुस्ती, दाणागोटा यांच्या नोंदींतच काम करणारी माणसं भेटतात. कागदही नसेल तर आठवणी, ओव्या, आणि आज त्या वस्तीत राहणाऱ्या लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करता येतं. त्यासाठी त्यांची लेखी संमती घ्यावी आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत ठेवावं. आणि यातलं काहीच मिळालं नाही, तर दालनात ती जागा मोकळी ठेवून तिथे काय नाही आणि का नाही हे दोन वाक्यांत लिहावं. मोकळ्या जागेला वरिष्ठांचा विरोध होतो, देणगीदारांचाही होतो. तरी लढून ती जागा राखावी.

घेण्याइतकंच महत्त्वाचं असतं सोडणं. पाण्याचा विषय निघाला की पुण्यातला कुणीही माणूस पानशेतवर येईल. १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. पुराची खूण अजून घरांच्या भिंतींवर दाखवणारे लोक आहेत, फोटो आहेत, सांगणाऱ्यांचे डोळे भरून येतात. मुलं म्हणतील, हे घ्यायलाच हवं. मी घेणार नाही. ती घटना एवढी मोठी आणि अजून एवढी ओली आहे की दालनात आली की बाकी सगळं पुसून टाकेल. पाहणारा बाहेर पडताना फक्त पूर घेऊन जाईल आणि हौद कुणाचा हा प्रश्न मागे राहील. पानशेतला स्वतःचं प्रदर्शन हवं. यावर वर्गात वाद घालू द्या, दोन गट करा. जे घ्यावं म्हणतील त्यांनी ते कुठल्या भिंतीवर येईल आणि त्यासाठी काय काढावं लागेल, हे सांगायचं. काढण्याच्या वस्तूचं नाव घ्यावं लागलं की मतं झपाट्याने बदलतात.

आता शेजाराविषयी. काचपेटीत एका वस्तूजवळ दुसरी काय ठेवली यावर अर्थ ठरतो. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. वीतभरही उंच नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ती सापडली. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं होतं. ही मूर्ती रोमन व्यापाराच्या मद्यकुंभांशेजारी ठेवा, म्हणजे ती समुद्रमार्गाची गोष्ट सांगते. ब्रह्मपुरीतच मिळालेल्या, हत्तीवर स्वार बसलेल्या कांस्यशिल्पाशेजारी ठेवा, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोल्हापुरातल्या एका सधन घराची आवडनिवड दिसते. खापरं आणि मातीच्या थरांच्या रेखाटनाशेजारी ठेवा, म्हणजे पुरातत्त्वज्ञ काम कसं करतात ते कळतं. मूर्ती तीच, फलकावरची पहिली ओळही तीच राहू शकते. २०१७-१८ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत आणि जगाचा इतिहास नऊ कथांत मांडणारं प्रदर्शन झालं. ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय त्यात सहभागी होते. त्याची सगळी भिस्त या शेजारावर होती. भारतातली वस्तू आणि त्याच काळातली जगातल्या दुसऱ्या टोकाची वस्तू समोरासमोर ठेवली, की फलक वाचण्याआधीच पाहणारा तुलना करू लागतो.

वर्गात हे करायला खऱ्या वस्तू लागत नाहीत. वस्तूंचे फोटो पत्त्यांएवढे छापा, जमिनीवर खडूने दालन आखा आणि मुलांना पत्ते हलवू द्या. पहिल्या दिवसाची दुपार त्यात जाईल आणि कारणी लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकलेखन. बाहेरच्या लोकांना हे काम शेवटी उरकण्याचं वाटतं. मी याला सगळ्यात जास्त वेळ देतो. माणूस उभा असतो, मागे कुणीतरी असतं, हात धरलेलं मूल ओढत असतं. वस्तूखालच्या फलकाला ५०-६० शब्दांच्या पुढे जायचा हक्क नाही. त्यात पहिलं वाक्य असं हवं की ते वाचल्यावर नजर परत वस्तूकडे जाईल. "ही शिवराई तांब्याची आहे" हे लिहायची गरज नाही, ते दिसतं. "एका बाजूला 'श्री राजा शिव' वाचता येतं का पाहा, दुसऱ्या बाजूला 'छत्रपती' आहे" असं लिहिलं तर माणूस वाकून पाहतो. अर्थात त्यासाठी नाण्याची दुसरी बाजू दिसायला हवी, आरशात किंवा मोठ्या फोटोत. मोडी पत्राचंही तसंच. अख्ख्या पत्राचं बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर भिंतीवर लावलं तर कुणी वाचत नाही. पत्राच्या छायाचित्रावर एकच ओळ फिक्या रंगाने उठवा, तेवढीच बाळबोधीत द्या आणि तिचा अर्थ सांगा.

फलकाचा खरा कस लागतो तो पुरावा अपुरा असतो तेव्हा. यासाठी मुलांना वाघनखांचं उदाहरण द्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची वाघनखं तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. त्यांच्यासोबत एक पेटी आहे, ती नंतर ब्रिटनमध्ये करून घेतलेली. तिच्यावरच्या इंग्रजी मजकुराचा सारांश असा, की शिवाजी महाराजांनी मुघल सेनापतीला मारलं ती ही वाघनखं, आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट (इंग्रजांचा प्रतिनिधी) असताना पेशव्यांच्या प्रधानाने ती त्याला दिली.

हा मजकूर फळ्यावर लिहा आणि मुलांना नुसता वाचायला सांगा. कुणीतरी हात वर करेल: अफझलखान मुघलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. बरोबर. म्हणजे लिहिणाऱ्याला घटनेची माहिती ऐकीव होती. दुसरा विद्यार्थी सालं मोजेल. प्रतापगडाखालची भेट १६५९ ची, पेशवाई बुडाली १८१८ ला, डफ साताऱ्यात आला तोही त्याच साली. मधली सुमारे १६० वर्षं ही वस्तू कुणाकडे होती, याचा कागद नाही. हीच ती वाघनखं असल्याची खातरजमा करता आलेली नाही, असं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने स्वतः सांगितलं आहे.

आता फलक लिहायचा. समोर येणारा माणूस लांबून, लेकराबाळांसह, हात जोडून आलेला आहे. "हीच ती वाघनखं" असं लिहिलं तर आपण त्याला जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं सांगतो. "ही खरी नाहीत" असं लिहिलं तर तेही पुराव्याच्या पलीकडे जाणं झालं, कारण ती नाहीत असंही सिद्ध झालेलं नाही. मी असा मसुदा करेन:

"१६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी छत्रपती शिवाजी महाराजांनी अफझलखानाचा वध केला. ही वाघनखं त्या प्रसंगातली आहेत, असं सोबतच्या पेटीवर लिहिलं आहे. ही पेटी नंतरची आहे. १८१८ मध्ये साताऱ्यात आलेला ब्रिटिश अधिकारी जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ही वाघनखं होती. त्याच्या वंशजांनी ती लंडनच्या संग्रहालयाला दिली. १६५९ ते डफ यांच्या मधल्या काळाचा पुरावा अद्याप मिळालेला नाही."

यात महाराजांविषयीचा आदर तसूभरही कमी झालेला नाही. प्रतापगडच्या घटनेला समकालीन कागदांचा आधार आहे, तो इतिहास या एका शस्त्रावर उभा नाही. उलट वस्तू कुणाच्या हातून कुणाकडे गेली हे सांगितल्यामुळे पेशवाईचा शेवट, साताऱ्यातली इंग्रजांची सत्ता आणि आपल्या वस्तू परदेशी कशा गेल्या, हे सगळं त्याच काचपेटीत आलं. वस्तूचा प्रवास फलकावर आलाच पाहिजे, या मताचा मी आहे. तो टाळणारी संग्रहालयं पाहणाऱ्याला कमी लेखतात असं मला वाटतं. मुलांना माझा मसुदा आधी दाखवू नका. त्यांचे स्वतःचे लिहून होऊ देत, मग वाचा आणि माझाही फाडा.

मजकूर तयार झाला की तो साध्या कागदावर, खऱ्या आकारात छापून भिंतीला चिकटपट्टीने लावा. चित्राचा किंवा फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. चाकाच्या खुर्चीतून पाहणाऱ्यासाठी आणि मुलांसाठी टेबलपेट्या त्याहून बऱ्याच खाली हव्यात. जोडाक्षरं आणि वेलांट्या-मात्रांमुळे मराठी मजकुराला दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर द्यावं लागतं. छपाईवाला ते विसरतो आणि ओळी एकमेकींत शिरतात. मग कॉलेजच्या शिपायांना, झाडलोट करणाऱ्या मावशींना, कॅन्टीनच्या पोराला बोलवा. त्यांना "कळलं का" असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. वाचून झाल्यावर त्यांच्या शब्दांत सांगायला सांगा. ते जिथे अडखळतील तिथे वाक्य बदला. प्राध्यापकांना दाखवून हा उपयोग होत नाही, त्यांना आधीच सगळं माहीत असतं आणि ते गाळलेल्या जागा स्वतःच भरून घेतात.

जतनाचे नियम मुलांनी पाठ केलेले आहेत, पण ते मांडणीला कसे वळण देतात हे त्यांनी पाहिलेलं नसतं. कागद, कापड, लघुचित्रं यांना ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश नको, तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही. म्हणून मोडी पत्र तीन-चार महिने मांडून आत न्यायचं. याचा अर्थ असा की पहिल्याच दिवशी एका पत्राऐवजी तीन-चार पत्रं निवडायची, जी पाळीपाळीने त्याच जागी बसतील आणि दालनातली गोष्ट तुटणार नाही. हे आधी सुचलं नाही तर वर्षानुवर्षं तेच पत्र उजेडात पिवळं पडतं. ५० लक्समध्ये वस्तू अंधारी वाटते, तेव्हा आधीच्या खोल्यांतला उजेड हळूहळू उतरवत आणायचा, डोळे सरावतात.

काचपेट्या प्लायवुडच्या करतात. प्लायवुडमधून आणि ताज्या रंगातून आम्लाची वाफ सुटते, बंद पेटीत ती शिशाला, काही धातूंना आणि कागदाला खाते. रंग सुकून वास जायला काही आठवडे लागतात. आपल्याकडे उद्घाटनाची तारीख पाहुण्यांच्या सवडीवर ठरते आणि आदल्या रात्रीपर्यंत रंगाऱ्याचा ब्रश चालू असतो. पहाटे वस्तू आत जातात. मुलांना वेळापत्रक उलटं लिहायला शिकवा. उद्घाटनाच्या तारखेपासून मागे यायचं, वस्तू ठेवायचा दिवस, त्याआधी रंग सुकण्याचे आठवडे, त्याआधी सुतारकाम, आणि मजकूर गोठवण्याची तारीख, म्हणजे ज्यानंतर त्यात बदल करायचा नाही ती, या सगळ्यांच्या आधी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांवर जातो. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, या चढउतारात लाकूड आणि कागद जास्त झिजतात. त्यापेक्षा घट्ट बंद पेटी आणि तिच्या तळाशी ओल शोषणारं सिलिका जेल हा लहान संग्रहालयाला परवडणारा आणि टिकणारा उपाय आहे.

हातमोज्यांचंही एकदा सांगून टाका. धातूला हात लावताना नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे घालायचे, कारण घामाचा डाग धातूत उतरतो. जुना कागद मात्र धुतलेल्या कोरड्या हातांनीच उलटायचा, सुती मोज्यात बोटांना कागदाची कड समजत नाही आणि तो फाटतो.

वाड्यांतून, घरांतून वस्तू मागून आणायची वेळ येईल. आजी प्रेमाने "घेऊन जा बाळा" म्हणतील. तरी तोंडी शब्दावर काहीही आणू नये. उसनवारीचं पत्र, चारही बाजूंचे फोटो, आधीच असलेले पोचे-ओरखडे यांची नोंद आणि परत करण्याची तारीख यांशिवाय वस्तू दाराबाहेर काढायची नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याखाली पुरावशेष (कायद्याने जपलेली जुनी वस्तू) ठरू शकते, हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणून वस्तूचं वय आधी तपासून घ्या. परत करताना आजींना प्रदर्शनाला बोलवा, त्यांच्या वस्तूसमोर खुर्ची ठेवा. त्या जे सांगतील ते फलकात नसतं, लिहून घ्या.

पैशाबद्दल एकच मत देतो. पहिलं प्रदर्शन करणाऱ्या मुलांना स्पर्शपटल (टचस्क्रीन) हवा असतो. वर्षभरात तो बंद पडतो आणि दालनात काळी चौकट उरते. तेवढ्या पैशात चांगले दिवे, बसायला बाक आणि हात लावून पाहता येईल अशी एक प्रतिकृती होते. प्रतिकृतीवर "प्रतिकृती" असं ठळक लिहिलेलं असावं, कोपऱ्यात नव्हे.

दुसऱ्या दिवसाची दुपार मुलांना एखाद्या चालू संग्रहालयात काढू द्या, पण वस्तू पाहायला नव्हे, पाहणाऱ्यांना पाहायला. प्रत्येकाने एका काचपेटीपाशी तासभर उभं राहून टिपायचं: कोण थांबलं, कुणी फलक वाचला, कुणी फक्त फोटो काढला, मुलाने काय विचारलं आणि आईने काय उत्तर दिलं. शस्त्रांच्या पेटीपाशी गर्दी असेल, नाण्यांपाशी नसेल. नाण्यांपाशी उभं राहणाऱ्याला कंटाळा येईल, तरी तीच पेटी दोघांना द्या. ती तिथे लक्ष का वेधून घेत नाही आणि जागा, उजेड, फलक यांपैकी काय बदललं तर घेईल, हे त्यांनी लिहून आणायचं. संग्रहालयाच्या अभिरक्षकांना आठवडाभर आधी पत्र पाठवा आणि मुलांच्या टिपणांची एक प्रत त्यांना देण्याचं कबूल करा. आमच्याकडे अशी टिपणं आली की आम्ही ती जपून ठेवतो, आणि पुढची मांडणी करताना काढून वाचतो.